पांढरी रेन लिली: पुण्यात शरदात फुलणाऱ्या कंदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती बसले की माझ्या फोनवर दोन तऱ्हेचे फोटो यायला लागतात. एकात हिरव्यागार दाट पानांची कुंडी असते आणि खाली प्रश्न असतो, "फुलं कधी येणार?" दुसऱ्यात कुंडी पांढऱ्या फुलांनी भरलेली असते आणि प्रश्न असतो, "हे नक्की काय आहे?" कोथरूडच्या आमच्या गच्चीवर ही लिली गेली बारा वर्षं आहे. तिच्याबद्दल जे पुन्हापुन्हा विचारलं जातं ते इथे एकत्र लिहिलं आहे. सगळं पुण्याच्या हवेला धरून आहे. कोकणात किंवा विदर्भात महिने थोडे पुढेमागे होतील.

ही नेमकी कोणती लिली?

नर्सरीत "पांढरी रेन लिली" म्हणून मागा. शास्त्रीय नाव झेफिरँथस कँडिडा. आपण लिली म्हणतो, पण ती खऱ्या लिलीच्या कुळातली नाही. तिचं कूळ ॲमरिलिडेसी. आपल्या बागांतली स्पायडर लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली, क्रायनम हे सगळे तिचे नातेवाईक. आजच्या वर्गीकरणाप्रमाणे कांदा आणि लसूणही याच कुळात येतात, आणि हिचा कंद हातात घेतला की ते नातं लगेच पटतं.

मूळची ती दक्षिण अमेरिकेतली: अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि ब्राझीलच्या भागातली. तिथे ओलसर गवताळ जागांत आणि पाण्याच्या काठाने वाढते. झेफिरँथस हे नाव विल्यम हर्बर्ट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1821 मध्ये दिलं. अर्थ होतो पश्चिम वाऱ्याचं फूल. नाव देताना त्याच्या मनात ग्रीक पुराणातला वारा होता, पण पुण्यात हे नाव अगदी चपखल बसतं, कारण आपला पाऊस सह्याद्री ओलांडून पश्चिमेकडूनच येतो.

ओळख सोपी आहे. पानं गवतासारखी, पण चपटी नसून जाडसर, जवळजवळ गोल, कांद्याच्या पातीची फार बारीक आवृत्ती म्हणावी तशी. एका दांड्यावर एकच फूल, सरळ वर तोंड केलेलं. सहा पांढऱ्या पाकळ्या, त्यात तीन बाहेरच्या आणि तीन आतल्या. मधोमध सहा पिवळे-केशरी पुंकेसर. कळी असताना पाकळ्यांच्या पाठीवर पुसट गुलाबी छटा दिसते, आणि फुलाच्या खाली दांड्याला एक पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखं आवरण चिकटलेलं असतं.

रेन लिली तर जूनमध्येच फुलते. मग हिला शरदातलं फूल का म्हणता?

जूनमध्ये फुलते ती गुलाबी. वळवाचे किंवा मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की गुलाबी मोठ्या फुलाची आणि पिवळी, या दोन्ही जाती एकदम उसळून येतात आणि आठवडाभरात संपतात. मग अधूनमधून दोनचार फुलं.

पांढरी निवांत असते. श्रावणात एखाददुसरं फूल दाखवते, भाद्रपदात लागते आणि अश्विनात भरात असते. इंग्रजीतही तिला "ऑटम झेफिर लिली" म्हणतात. माझ्या गच्चीवर सगळ्यात मोठा बहर बहुतेक वर्षी घटस्थापनेच्या आगेमागे येतो, म्हणजे भोंडल्याच्या दिवसांत, हस्ताचा पाऊस संध्याकाळी गडगडून पडतो तेव्हा. कोजागिरीनंतर फुलं विरळ होतात. दिवाळीच्या सुमारास शेवटची चारपाच.

दुसरा फरक पानांत आहे. गुलाबी आणि पिवळीची पानं चपटी असतात आणि कोरड्या दिवसांत बरीचशी झडून जातात. पांढरीला पाणी मिळालं तर ती वर्षभर हिरवी राहते.

कंद म्हणजे नक्की काय? त्याच्या आत काय असतं?

हे एकदा डोळ्यांनी पाहाच. गर्दी झालेल्या कुंडीतून एक कंद उपटा, माती धुवा आणि धारदार सुरीने उभा मधोमध कापा. हातमोजे घाला. चीक चिकट असतो आणि काहींच्या त्वचेला खाज सुटते.

बाहेर काळपट तपकिरी, कागदासारखी साल दिसेल. ती आतल्याच जुन्या थरांची वाळून झालेली असते. त्याच्या आत पांढरे, रसाळ थर एकात एक बसलेले. हे थर म्हणजे पानांचेच तळ, जाड झालेले. वरचं पान वाळून गेलं तरी त्याचा तळ कंदात राहतो आणि त्यात पिष्टमय अन्न साठलेलं असतं. सगळ्यात खाली एक घट्ट चकती दिसते. तीच खरं तर या झाडाचं खोड. मुळं तिच्यातून खाली जातात आणि पानं तिच्यातूनच वर येतात. म्हणून कंद लावताना थर थोडे खरवडले गेले तर चालतं, पण चकती कुजली की सगळं संपलं.

आता थरांच्या बेचक्यात नीट बघा. ज्वारीच्या दाण्याएवढे एकदोन फुगवटे सापडतील. ती पिल्लं. ती मोठी होतात, आईच्या अंगाला चिकटून राहतात, आणि दोनतीन वर्षांत एका कंदाचा झुबका होतो. नशीब असेल तर अगदी मध्याजवळ फिकट हिरवट टोकाची एक बारीक कळीही दिसेल. फूल बाहेर दिसण्याच्या बरंच आधी कंदाच्या पोटात तयार असतं. ही एक गोष्ट लक्षात राहिली तर पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

आणखी एक गंमत मुळांत आहे. काही मुळं जाड असतात आणि त्यांच्यावर आडव्या सुरकुत्या दिसतात. ही मुळं आखडतात आणि कंदाला खाली ओढून घेतात. वरवर लावलेला कंद वर्षभराने थोडा खोल गेलेला सापडतो, तो असा.

पाऊस पडला की फुलं येतात, पण नळाचं पाणी घालून येत नाहीत. असं का?

कळी आत तयार असते आणि इशाऱ्याची वाट पाहत असते. कोरड्या काळानंतर माती एकदम खोलवर भिजणं, त्याच वेळी हवा आणि माती गार होणं, हा तो इशारा. पाऊस दोन्ही एकदम करतो. झारीने घातलेलं पाणी वरचे दोन इंच भिजवतं आणि दुपारचं ऊन तसंच राहतं. पावसानंतर साधारण तीन ते पाच दिवसांत दांडे वर येतात. कळी दिसली की दुसऱ्यातिसऱ्या दिवशी फूल.

दुसरं कारण पाण्याच्या जातीचं आहे. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्यातल्या त्यात बरं. पण पुण्याच्या कितीतरी सोसायट्यांत आता टँकर किंवा बोअरवर भागतं, आणि त्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो. ते क्षार मातीतही साचतात. चांगला मुसळधार पाऊस ते धुऊन काढतो. कुंडी गॅलरीत छपराखाली असेल तर तिच्यापर्यंत हे काहीच पोचत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, जून ते ऑक्टोबर ही कुंडी उघड्यावर ठेवा. ते शक्यच नसेल तर पावसाचं पाणी बादलीत धरा आणि एकदाच, तळातून वाहून जाईपर्यंत घाला.

पांढरी जात गुलाबीइतकी पावसावर अडून बसत नाही, हेही खरं. तिचा बहर दोन पावसांच्या मधल्या उघडिपीतही चालू राहतो.

पानं भरपूर आहेत, फूल एकही नाही. काय चुकतंय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर देताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण विचारणारा माणूस बहुतेक वेळा खूप काळजी घेणारा असतो. त्याने दरवर्षी माती बदललेली असते, कंद सुटे करून नव्या कुंड्यांत लावलेले असतात, दर पंधरा दिवसांनी खत घातलेलं असतं. आणि तिथेच फुलं अडतात.

ही लिली गर्दीत फुलते. एकमेकांना खेटून बसलेले, कुंडीच्या भिंतीला टेकलेले कंद सगळ्यात जास्त फुलं देतात. सुटा केलेला कंद आधी मुळं धरतो, मग पिल्लं काढतो, आणि त्याचं साठवलेलं अन्न त्यातच जातं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तीन वर्षांच्या भरगच्च कुंडीतले सत्तरेक कंद एकेक करून सहा कुंड्यांत मांडले होते. पुढच्या भाद्रपदात सहा कुंड्यांत मिळून चार फुलं आली. त्याच्या पुढच्या वर्षीही फार नाही. तिसऱ्या वर्षी झुबके पुन्हा दाटले आणि मगच बहर परत आला. तेव्हापासून मी कुंडीला हात लावण्याआधी दोनदा विचार करते.

दुसरं कारण ऊन. निदान चारपाच तास थेट ऊन हवं. पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी उत्तम. दोन इमारतींच्या मधल्या अरुंद जागेत, जिथे दिवसभर नुसता उजेड असतो, तिथे पानं लांब, लुसलुशीत आणि आडवी पडणारी होतात. फोटोत पानं कुंडीबाहेर लोळत असतील तर मी बाकी काही विचारतच नाही.

तिसरं, नत्राचं खत. युरिया, ताजं शेण किंवा कंपोस्टचं पाणी वारंवार घातलं की झाड पानांवर जातं.

चौथं कारण साधं असतं: कंद लहान आहेत. वाटाण्याएवढ्या पिल्लाला फुलायला दोन पावसाळे लागतात.

कंद कधी आणि कसे लावायचे?

मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. नर्सरीतून पिशवीत वाढलेलं रोप आणलं असेल तर पावसाळ्यात केव्हाही, मातीचा गोळा न फोडता.

खोली फार नको. कंदाची मान मातीच्या पातळीला येईल इतकंच, म्हणजे कंदावर बोटभर माती. आठ इंची कुंडीत दहाबारा कंद लावा. दोन कंदांत दोन बोटं अंतर पुरे. एका कुंडीत दोनच कंद लावून "जागा मिळेल" असं म्हणू नका. कारण वर सांगितलंच आहे. उथळ, पसरट कुंडी मला जास्त आवडते. फुलं एकदम उघडतात तेव्हा ती ताटासारखी भरते.

सुटे कंद विकत आणले तर आठवड्याच्या आत लावून टाका. ही सदाहरित जात आहे. तिला ग्लॅडिओलससारखं महिनोन्महिने कोरडं टांगून ठेवणं मानवत नाही.

माती कशी हवी? आमच्याकडे काळी माती आहे.

जमिनीत लावणार असाल तर काळी माती चालते. ही लिली ओलावा सहन करते, इतर कंदांपेक्षा बरीच जास्त. पण काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि मार्चमध्ये भेगाळते. त्या भेगांत मुळं तुटतात. वाफ्यात घमेलंभर बारीक मुरूम आणि तेवढंच कुजलेलं शेणखत मिसळलं की काम भागतं.

कुंडीसाठी माझं प्रमाण असं: दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, वर मूठभर निंबोळी पेंड. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका. ते उन्हात एकदा वाळलं की पाणी धरत नाही, आणि पावसात चिंब राहतं.

पाणी किती?

पावसाळ्यात आकाशावर सोडा. हिवाळ्यात तीनचार दिवसांनी, उन्हाळ्यात दिवसाआड. बशीत पाणी साचवून ठेवू नका, डास होतात.

खत?

वर्षातून दोनदा. जूनच्या सुरुवातीला मूठभर गांडूळखत आणि चमचाभर हाडांचा चुरा, आणि बहर संपल्यावर कार्तिकात पुन्हा तेवढंच. दुसऱ्या वेळेचं खत लोक विसरतात, पण तेच जास्त महत्त्वाचं आहे. फुलल्यानंतर पानं जे अन्न तयार करतात त्यावर पुढच्या वर्षीच्या कळ्या ठरतात. म्हणूनच फुलं संपल्यावर पानं कापू नका, वेणीसारखी बांधूनही ठेवू नका.

नर्सरीत घेताना काय बघायचं?

सोलापूर रस्त्याला हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत ज्या नर्सऱ्या आहेत तिथे पावसाळ्यात ही सहज मिळते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात रोपांचे गाळे असतात, तिथेही विचारा. फुलावर असतानाच घ्या, म्हणजे रंगाचा घोळ होत नाही. फूल नसेल तर पान दोन बोटांत धरून फिरवा. गोल फिरलं तर पांढरी, चपटं लागलं तर दुसरी कुठली तरी.

कंद अंगठ्याने दाबून बघा. घट्ट हवा. मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर ठेवून द्या.

हे केशर आहे का? आम्हाला "केशराचे कंद" म्हणून मिळाले.

नाही. आणि कृपया याचा कुठलाही भाग दुधात घालू नका.

आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा ऑनलाइन दहा "केशराचे कंद" मागवले. अश्विनात पांढरी फुलं आली. त्यांनी रोज सकाळी त्यातले पिवळे तंतू चिमटीने काढून स्टीलच्या डबीत वाळवायला सुरुवात केली. कोजागिरीच्या मसाला दुधासाठी. आदल्या दिवशी कौतुकाने डबी दाखवायला आल्या म्हणून मला कळलं. डबीत वाळलेले पुंकेसर होते, बोटाला पिवळी भुकटी लागत होती. एक दिवस उशीर झाला असता तर सोसायटीतल्या वीसेक लोकांनी ते दूध प्यायलं असतं. विकणाऱ्याचा राग मला आजही येतो.

फरक असा. केशराचं फूल जांभळं असतं आणि त्यात तीन पिवळे पुंकेसर असतात. खरं केशर म्हणजे त्याच फुलातली लाल, लांब, तीन फाट्यांची कुक्षी. पांढऱ्या रेन लिलीत पुंकेसर सहा, आणि लाल रंगाचं काहीच नाही. केशराला कंदही निराळा असतो. तो आतून अळकुडीसारखा भरीव निघतो, कांद्यासारखे थर त्यात नसतात. केशर काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ऑक्टोबरच्या अखेरीला फुलतं, आणि किलोभर केशरासाठी साधारण दीड लाख फुलं लागतात. पुण्याच्या उघड्या गच्चीवर ते जमणारं नाही. इथे जे कोणी घेतात ते थंड केलेल्या बंद खोल्यांत घेतात.

म्हणजे ही विषारी आहे?

हो, खाल्ली तर. सगळ्या भागांत, विशेषतः कंदात, लायकोरीन नावाचं अल्कलॉइड असतं. त्याने मळमळ, उलट्या, जुलाब होतात. जपानमध्ये ही लिली बागांत सर्रास असते आणि तिची पानं खाण्याच्या पातीसारखी दिसतात म्हणून लोकांना विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत.

आपल्याकडे धोका तसाच आहे, कारण गच्चीवर कांद्याची पात, लसणाची पात आणि ही लिली शेजारीशेजारी असतात. पान चुरगळून वास घ्या. पातीला कांद्याचा किंवा लसणाचा वास येतो, हिला येत नाही. त्याहून बरं म्हणजे या कुंड्या भाज्यांच्या रांगेत ठेवूच नका, आणि सुटे कंद स्वयंपाकघरात तर अजिबात नाही.

लहान मुलाने किंवा घरच्या कुत्र्या-मांजराने कंद चघळला तर घरगुती उपाय करत बसू नका. कंदाचा तुकडा बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा, प्राण्याला पशुवैद्याकडे न्या. नुसतं हात लावल्याने विषबाधा होत नाही, फार तर काहींना चिकाने खाज सुटते. मातीकाम झाल्यावर हात धुवा.

पानांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्या आहेत. एका रात्रीत कुंडी साफ झाली!

ही लिलीची अळी. शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसे, कारण कळलावीवरही ती येते. दिसायला ती विसरण्यासारखी नाही: अंग काळंभोर, त्यावर पांढरे चट्टे आणि केशरी-लाल ठिपके. हिचा पतंगही रंगीत असतो. तो पानावर अंड्यांचा पुंजका घालतो. बारीक अळ्या आधी घोळक्याने खातात, म्हणून पहिल्या दिवशी एखाद्याच कोपऱ्यातली पानं पांढुरकी, कुरतडलेली दिसतात. ती खूण ओळखली तर कुंडी वाचते. मोठ्या झाल्यावर त्या पानांच्या बुडाशी, कंदाच्या मानेपर्यंत जातात.

पुण्यात मला त्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत भेटतात. मी संध्याकाळी टॉर्च घेऊन बसते आणि चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकते. सलग चार संध्याकाळी केलं की पुरतं. कुंड्या जास्त असतील तर निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करा, किंवा बॅसिलस थुरिंजेन्सिस हे जैविक कीटकनाशक कृषी सेवा केंद्रात मिळतं ते वापरा. ते अळ्या लहान असताना चांगलं लागू पडतं. मग कुंडीतली वरची इंचभर माती उकरून बघा, कारण कोष मातीतच असतात.

सगळी पानं खाल्ली गेली तरी कंद घट्ट असेल तर घाबरू नका. तीन आठवड्यांत नवी पानं येतात. त्या वर्षीचा बहर मात्र कमी होतो.

गोगलगायी पाकळ्या खातात. त्यांना रात्री हाताने उचलणं हाच उपाय.

फूल दुपारी छान होतं, संध्याकाळी मिटलं. मेलं का?

नाही. उन्हात उघडणं आणि संध्याकाळी मिटणं हा तिचा रोजचा क्रम आहे. ढगाळ दिवशी ती अर्धवटच उघडते. एक फूल दोनतीन दिवस टिकतं आणि मग पाकळ्या पारदर्शक होऊन लोळतात. म्हणून फुलदाणीसाठी ही फारशी कामाची नाही. देवासमोर वाटीत पाणी घालून चारपाच फुलं देठासकट ठेवली तर दुपारपर्यंत सुंदर दिसतात.

बियांपासून येते का?

येते. फूल गेल्यावर दांड्याच्या टोकाला तीन खणांचं हिरवं बोंड फुगतं. दोनतीन आठवड्यांत ते पिवळट होऊन फुटतं आणि आत काळ्या, चपट्या, कागदासारख्या बिया चवडीने रचलेल्या दिसतात. फुटायच्या आदल्या दिवशी हाताशी आलं तर उत्तम, नाहीतर वारा नेतो. लगेच पेरा, जपून ठेवू नका, त्यांची उगवणशक्ती लवकर जाते. सपाट ट्रेमध्ये पसरून वर माती भुरभुरवा. दोनतीन आठवड्यांत केसासारखी पानं दिसतील. फूल बघायला दोनतीन वर्षं थांबावं लागतं. बिया नको असतील तर बोंड खुडून टाका, कंदाचं अन्न वाचतं.

मग विरळणी करायचीच नाही का?

करायची, पण चारपाच वर्षांनी, कुंडी फुगून तडकायला लागली किंवा मधली पानं पिवळी पडून फुलं घटली की. मार्चमध्ये किंवा वळवाच्या आधी. झुबका सुटा न करता पावासारखा तीनचार तुकड्यांत कापा आणि प्रत्येक तुकडा जसाच्या तसा नव्या कुंडीत बसवा. असं केलं तर त्याच वर्षी थोडी तरी फुलं येतात.

परदेशातली शरदातली इतर फुलं, लाल स्पायडर लिली, नेरीन, कोल्चिकम, पुण्यात होतील का?

कोल्चिकमच्या फंदात पडू नका. त्याला खरी थंडी लागते, शिवाय ते अतिशय विषारी आहे. जपानमध्ये शरद संपाताच्या सुमारास भातखाचरांच्या बांधांवर जी लाल फुलं दिसतात ती लायकोरिस. तिला पुण्यात मी दोनदा लावलं. पानं आली, फूल नाही. नेरीन दक्षिण आफ्रिकेतली. तीही माझ्याकडे रमली नाही. पुण्यात दुभाजकांत दिसणारी पांढरी स्पायडर लिली वेगळी. ती हायमेनोकॅलिस, आणि ती इथे मजेत वाढते.

शरदात पुण्यात भरवशाचं काही हवं असेल तर ही पांढरी रेन लिली आणि सुगंधासाठी शेजारी निशिगंध. ही जोडी मला पुरते.

टेकडीवर किंवा कासला रानटी कंद दिसतात. आणून लावावेत का?

आणू नका. पहिल्या पावसानंतर आपल्या टेकड्यांवर काळी मुसळी फुलते, कासच्या पठारावर दीपकाडीसारखी कंदाची झाडं आहेत. ती खडकावरच्या चार बोटं मातीत, तिथल्याच पाण्यावर जगतात. कुंडीत ती एका पावसाळ्यापुरतीही रमत नाहीत, आणि तिथली जागा मात्र कायमची रिकामी होते. फोटो काढा, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच भेटायला जा.

मे महिन्यात सगळी पानं टोकापासून वाळली आहेत. कुंडी टाकून देऊ का?

थांबा. चाळिशीच्या उन्हात, गरम फरशीवर ठेवलेल्या कुंडीत पानं वाळणारच. बोटाने माती उकरा आणि एक कंद चाचपून बघा. घट्ट असेल तर तो जिवंत आहे. वाळलेली टोकं कात्रीने काढा, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे फरशीची धग लागणार नाही, आणि दुपारची सावली द्या. वळवाचे ढग दिसले की ती उघड्यावर सरकवा.